काचेवरचं बोट

हॉस्पिटलात तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. खरं नाव नेमणुकीच्या कागदावर होतं आणि तो कागद कुठल्या कपाटात होता ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं. तळघरातल्या दोन खोल्या हा तिचा मुलूख. एकीत यंत्र आणि टेबल, दुसरीत काचेआड बटण आणि पडदा. जिन्यावरून घसरलेले म्हातारे, झाडावरून पडलेली पोरं, खेळताना घोटा मुरगळून घेतलेले तरणेबांड, सगळ्यांना टेबलावर घ्यायचं, दुखरा भाग हवा तसा वळवायचा, "आता हलू नका" म्हणायचं आणि काचेआड पळायचं. पळायचं म्हणजे आता नुसतं चालायचं. पूर्वी ती पळायची.

पडद्यावर हाड उमटलं की केसाएवढी भेगसुद्धा तिला आधी दिसे. पण पेशंटला सांगायचं नाही, हा तिथला नियम. माणूस तिच्या तोंडाकडे आशेनं बघायचा आणि ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील." इतकी वर्षं हे करून करून तिचा चेहराच तसा झाला होता. लेक लहान होती तेव्हा म्हणायची, "आई रागावलीये की खुशीत आहे हे कळायला तिचाच एक्सरे काढायला पाहिजे."

अशी ही बाई सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडली की ओळखू यायची नाही. आठवडाभर माणसांची हाडं बघून डोळे विटलेले असत. मग पिसं, शेपट्या, ओल्या मातीतले पंजे, यांच्यामागे ती चिखलात पोटावर पडून राहायची. पानगळ सुरू झाली की मग तर विचारूच नका. झाडं पिवळी पडायला लागली की बाईंची रजेची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर, हे कारकुनांना पाठ झालं होतं.

तिचा नवरा गाडी शिकवायचा. अर्ध्या गावानं पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते त्याच्या शेजारी बसून, म्हणून तो सगळ्यांचा मास्तर. तीही त्यांना मास्तरच म्हणे. मास्तरांच्या गाडीला त्यांच्या बाजूनंही एक ब्रेक होता आणि छतावर 'शिकाऊ' अशी पाटी होती. प्रवासाला निघाले तरी मास्तर ती पाटी काढत नसत. "पाटी बघून लोक आपणहून लांब राहतात, मग काढायची कशाला?" असं त्यांचं म्हणणं. दूरदूरच्या घाटांतून, लाल-पिवळ्या रानांतून ही शिकाऊ गाडी वर्षानुवर्षं हिंडली. मागून येणारे ट्रकवाले हॉर्नसुद्धा जपून वाजवत.

दोघांची कामं वाटलेली होती. मास्तर हेरणार आणि ती टिपणार. मास्तरांची नजर अशी की गाडी चालवता चालवता दूरच्या उतारावरचा ससा त्यांना दिसावा. पण जनावर दिसलं की बोलायचं नाही, हाताचे इशारे करायचे नाहीत, दार उघडायचं नाही. गाडी हळूच थांबायची, आणि मास्तर समोरच्या काचेला आतून बोट टेकवायचे. बस्. तिनं आपलं डोकं त्यांच्या खांद्याला लावून त्या बोटाच्या रेषेत बघायचं. जिथं नुसतं वाळकं गवत दिसत होतं तिथं मग दोन कान दिसायचे. एकदा एका दरीत धुक्यातून मोठ्या शिंगांचं हरीण रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं, तेव्हा मात्र मास्तरांना बोट लावायची गरज पडली नाही. तरीही सवयीनं त्यांनी लावलंच. तो फोटो आजही हॉस्पिटलच्या बोळात टांगलेला आहे आणि आपला नंबर येईपर्यंत लोक त्या हरणाची शिंगं मोजत बसतात.

एवढं जग हिंडून झाल्यावर एका पानगळीत मास्तरांना घराच्या मागच्या खिडकीतूनच घुबडं दिसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मागं साबणाचा बंद पडलेला कारखाना होता, त्याची वाकडी चिमणी, आणि चिमणीपाशी एक जुनं अवाढव्य झाड. झाडाची पानं गळायची, पण खोडावर चढलेली जाड वेल बारमाही हिरवी राहायची. त्या वेलीच्या आडोशाला लांब कानांची घुबडं दिवसभर ताठ बसून झोपायची. खोडाच्या सालीसारखीच दिसायची, बघणाऱ्याला वाटावं एखादी फांदी तुटून राहिली आहे. पानं पिवळी पडली की यायची, थंडी सरली की जायची. शेजारीण म्हणाली, "घुबडं घराजवळ बरी नव्हेत हो." मास्तर म्हणाले, "मग तुमचं घर थोडं पलीकडं न्या."

आणि मग मास्तरांना झटका आला. शिकवणी चालू असतानाच. शेजारी स्टिअरिंगवर एक मुलगी होती, जिला महिनाभर शिकून धड वळण घेता येत नव्हतं. त्यांचा हात मांडीवर गळून पडलेला तिनं पाहिला आणि कुठंही न आपटता, एकही वळण न चुकवता, ती त्यांना थेट हॉस्पिटलच्या दारात घेऊन आली. एक्सरेबाई वर धावत गेली. स्कॅनच्या खोलीतल्या पडद्यावर तिनं आपल्या नवऱ्याच्या डोक्यातलं चित्र पाहिलं आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच भिंतीला धरून खाली बसली.

उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. जे राहिले ते कधी यायचे, कधी अर्ध्यावर अडकायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना "क्लच, क्लच" म्हणून ओरडणारा माणूस पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघत बसायचा. गाडी विकली. लांबचे प्रवास संपले. ती सकाळी त्यांना उठवायची, पुसायची, कपडे घालायची, भरवायची, मग कामावर जाऊन परक्या माणसांना उचलून टेबलावर घ्यायची, घरी येऊन पुन्हा आपल्या माणसाला उचलायची. दुपारी शेजारीण डोकावून जायची, एवढाच आधार. खांदे रात्रंदिवस ठणकायचे. शिशाचा जाड एप्रन काढून ठेवला तरी अंगावरून उतरत नाही असं तिला वाटे. थकवा आता तिच्या घरात राहायला आला होता, आणि पाहुणा जातो म्हणत नव्हता.

व्यायाम शिकवायला एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा यायची. बोलायला स्पष्ट. तिनं पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "काका, हा पाय चालवाल तेवढाच तुमचा. रोज पलंगापासून खिडकीपर्यंत गेलंच पाहिजे. पडून राहिलात तर पुढं खुर्ची आली म्हणून समजा, मग मी काही करू शकणार नाही." मास्तर तिच्याकडे शिकाऊ उमेदवाराकडे बघावं तसे बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांना कशाचीच हौस उरली नव्हती. एकाच गोष्टीसाठी ते उठायचे. पानगळ लागली की काठी टेकत, तिच्या दंडाला धरून, वाकडं पाऊल ओढत खिडकीपर्यंत जायचे आणि घुबडांकडे बघत बसायचे. मागच्या हिवाळ्यात त्या घुबडांनी त्यांना जेवढं चालवलं तेवढं कुठल्या औषधानं चालवलं नव्हतं. व्यायामवाली म्हणाली, "फी खरं तर त्यांना द्यायला हवी."

या वर्षी घुबडं लांबली. झाड पिवळं झालं, पानं झडायला लागली, वेल उघडी पडायला लागली, तरी खिडकीतून काही दिसेना. मास्तर रोज जायचे, बघायचे आणि परत येताना पाय जास्त ओढायचे. मग एक दिवस गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावरून परत फिरले. ती म्हणाली, "येतील हो, अजून थंडी कुठं पडलीये." पण ही येणार नसतील तर या माणसाला पलंगावरून उठवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्याच दिवसांत लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात. फोनवरून आईला सल्ले देण्यात पटाईत, उंटावरून शेळ्या हाकायची सवय. "आई, तू स्वतःसाठी काहीतरी कर. कॅमेरा काढलास का या वर्षी? तिथल्या पेपरवाल्यांनी पानगळीचे फोटो मागवलेत म्हणे, पाठव ना एखादा." ती म्हणाली, "बघू." पण सुट्टीच्या सकाळी मास्तरांना चहा दिल्यावर तिनं खरंच कॅमेरा काढला. बॅटरी चार्ज केली. लांब कुठं जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती कारखान्याला वळसा घालून झाडाच्या पलीकडच्या, रस्त्याच्या बाजूला गेली. ऊन नुकतं वर येत होतं, वाकडी चिमणी आणि तिच्या अंगावर सांडलेलं पिवळं झाड. तिनं फार विचार केला नाही. उजेड बघितला आणि बटण दाबलं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच थोडं वाईटही वाटलं.

घरी येऊन तिनं लॅपटॉप मास्तरांच्या पलंगावर ठेवला. "बघा, आपलंच झाड. पलीकडून." मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्यावर बोट टेकवलं. वेलीच्या वरच्या टोकाला, एका काळपट डागापाशी. "आ," ते म्हणाले. "आ… आ…"

"हो, आपलं झाड," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बोट टेकवलं. जोरात. पडदा मागं झुकला.

"अहो, बोटं नका लावू पडद्याला, तेलकट होतो," ती म्हणाली आणि तिनं लॅपटॉप ओढून घेतला. तिला अजून भांडी घासायची होती, चादरी बदलायच्या होत्या, कमरेत उसण भरली होती. संध्याकाळी तिनं फोटो पेपरला पाठवून दिला. त्यात काय होतं? एक झाड, एक चिमणी आणि ऊन.

दुसऱ्या दिवशी मास्तर आपणहून उठून बसले. तिचा दंड धरून खिडकीपर्यंत गेले आणि तिथून हलेनात. चेहरा उजळलेला. तिला वाटलं नवीन गोळ्या लागू पडल्या. दोन दिवसांनी तिला खिडकीतून वेलीआड पहिलं घुबड दिसलं आणि ती एकदम म्हणाली, "आली की हो!" मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, शिळी बातमी काय सांगतेस. तिला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. पण ते हसत होते, अर्ध्या तोंडानं का होईना हसत होते, आणि तिला तेवढं पुरे होतं. त्या आठवड्यात ते रोज खिडकीपर्यंत गेले. एकदा तर दंड न धरता, नुसत्या काठीवर. व्यायामवाली म्हणाली, "असंच दोन महिने ठेवा, मग बघा."

तिच्या फोटोवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांचा पहिला नियम असा की घरट्याची, बिळाची, झोपायच्या झाडाची जागा कोणाला सांगायची नाही. फोटो दाखवायचा तो पक्षी निघून गेल्यावर. नियम सगळ्यांना तोंडपाठ आणि पाळायला जड. पण एक्सरेबाई पाळायची. कोल्हिणीच्या बिळाचा पत्ता फोडला म्हणून एकाला तिनं मंडळातून काढायला लावलं होतं, दोन वर्षं तो तिच्याशी बोलत नव्हता. आपल्या घुबडांबद्दल तिनं मंडळात कधी चकार शब्द काढला नव्हता.

मंडळात एक दातांचा डॉक्टर होता. माणूस वाईट नव्हे, हौस दांडगी. लेन्स एवढी मोठी की ती त्याला बाळगायची की तो तिला, असा प्रश्न पडावा. नाकापेक्षा मोती जड. रविवारी पेपरात बाईंचा फोटो छापून आला. दातवाल्याला कोणाच्याही तोंडात खोल बघायची सवय. त्यानं पेपरच्या संकेतस्थळावरचा फोटो उघडला, मोठा केला, अजून मोठा केला आणि मंडळाच्या गटावर लिहिलं, "एक्सरेबाईंनी कमाल केली! वेल नीट बघा. लांबकानी आहेत, एक नाही, अख्खी ओळ." त्यानं कौतुकच केलं होतं. वाकडी चिमणी गावात एकच होती. तासाभरात गटाबाहेरही बातमी गेली.

सोमवारी ती कामावरून परतली तेव्हा कारखान्यापाशी गाड्या उभ्या होत्या. झाडाखाली तिवया, टोप्या, लेन्स. कोणी टाळ्या वाजवत होतं, घुबडांनी डोळे उघडावेत म्हणून. कोणी मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला होता. एकानं तर खडा उचलला. आणि तिच्या घराच्या मागच्या खिडकीत मास्तर उभे होते, डाव्या हाताच्या मुठीनं काचेवर थडाथडा मारत होते. त्यांचं तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हते. झाडाखालच्या एका उत्साही माणसाला वाटलं आजोबा हात हलवताहेत. त्यानंही हसून हात हलवला.

ती गर्दीत शिरली. "जा इथून," ती म्हणाली. "निघा सगळे. आवाज करू नका. हलू नका." जन्मभर तिनं लोकांना हेच सांगितलं होतं आणि लोकांनी ऐकलं होतं. इथं कोणी ऐकेना. दातवाला पुढं झाला. "बाई, पाचच मिनिटं. उजेड काय सुंदर आहे."

तेवढ्यात पहिलं घुबड उडालं. मग एकामागून एक सगळी. भर उन्हात, गोंधळून, कारखान्याच्या छपरावरून. कावळ्यांनी त्यांना लगेच गाठलं आणि आरडाओरडा करत मागं लागले. कॅमेरे खटखटत राहिले. तिला ते सगळं बघवेना, पण ती बघत राहिली, कारण खिडकीतून मास्तरही बघत होते.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तिनं दातवाल्याला विचारलं.

"कोणी म्हणजे? तुम्हीच की," तो बिचारा खरोखर चक्रावला. त्यानं मोबाइल पुढं धरला. मोठा केलेला फोटो, वेलीचं वरचं टोक, आणि सालीच्या रंगात बसलेली, डोळे मिटलेली ओळ. "मला वाटलं, छापायला दिलाय म्हणजे आता दाखवायला हरकत नाही हे तुम्ही बघितलं असेल. तुम्ही एवढ्या कडक."

हात दाखवून अवलक्षण. ती तशीच मागं वळली. घरी आली, चपलासुद्धा न काढता लॅपटॉप उघडला. फोटो मोठा करायची गरजच पडली नाही. पडद्यावर, वेलीच्या वरच्या टोकाला, मास्तरांच्या बोटाचा तेलकट ठसा अजून तसाच होता, बरोब्बर त्या जागी.

मग तिला सगळं उलगडलं. ते फोटोचं कौतुक करत नव्हते. ते सांगत होते की आली. झटक्यानंतर पहिल्यांदा या माणसानं तिला काहीतरी हेरून दिलं होतं, गाडीत द्यायचे तसंच, बोट टेकवून, आणि तिनं खांद्याला डोकं लावून बघायच्या ऐवजी, बोटं नका लावू, म्हणून दटावलं होतं. लोकांच्या हाडांतली भेग पकडणारी ती, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. का दिसलं नाही? दुसरं कारण नव्हतं. ती दमली होती. पण दमले होते म्हणून दिसलं नाही, हे कोणाला जाऊन सांगणार, आणि सांगून घुबडं थोडीच परत येणार होती.

तिनं मास्तरांना त्यांच्या पलंगाशी बसून सांगितलं. काही लपवलं नाही. "तुम्ही दाखवलंत, मी बघितलं नाही. मीच पाठवला फोटो. माझ्यामुळं गेली." मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते उठायचे थांबले. घुबडं परतली नाहीत. झाड पुरतं उघडं झालं, वेलीत वारा शिरायला लागला, आणि खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीवर धुतलेले कपडे साचायला लागले. व्यायामवालीनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. जाताना दारात म्हणाली, "काकू, खरं सांगू? पाय आखडायला लागलाय. असेच पडून राहिले तर हिवाळा संपेपर्यंत चालणं गेलंच म्हणा." ती म्हणाली, "हं." तिनं जुने फोटो काढून दाखवले, दऱ्या, तळी, लाल रानं. मास्तरांनी डोळे मिटले. लेकीनं फोनवरून बाबांना समजावलं. मास्तरांनी फोन उशीखाली सरकवला, तो तिथंच बोलत राहिला.

मग एका संध्याकाळी तिचा बांध फुटला. कामावर दिवसभर अवजड माणसं उचलली होती आणि घरी मास्तरांनी घास थुंकून टाकला. तिनं ताटली खाली आपटली.

"घुबडं गेली म्हणून पाय टाकून देणार? द्या. घुबडांसाठी चालायचं, होय ना? आणि मी? मी या घरात आहे की नाही? रोज उचलते, पुसते, भरवते, मी दिसते का तुम्हाला? मलाही उठवत नाही हो सकाळी. मलाही भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. पण माझ्यासाठी कोण आहे खिडकीत?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं जमिनीवरचं पुसलं, ताटली धुतली, त्यांच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. मास्तर छताकडे बघत होते. 

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. मास्तरांचा पलंग आतल्या खोलीत खिडकीकडे, आणि ती आजारपणापासून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची. रोज उजाडायच्या आत उठणारी ती त्या दिवशी उठलीच नाही. जाग आली होती. उजेड चांगला वर आला होता, त्यांच्या चहाची, गोळीची वेळ टळून गेली होती, हे तिला कळत होतं. पण हात हलेना. तिला वाटलं, राहू दे. एक दिवस राहू दे सगळं.

आतून काठीचा आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा टक्. तिनं कान दिला. खिडकीकडे जाताना आवाज लांब जातो, हा जवळ येत होता.

मास्तर दोन्ही खोल्यांमधल्या दारात दिसले. चौकटीला खांदा लावून उभे, घामानं डबडबलेले, पायजम्याची नाडी लोंबती. मधे लाकडी उंबरा होता. झटक्यानंतर तो त्यांनी एकट्यानं कधी ओलांडला नव्हता, ती आणि व्यायामवाली दोघी लागायच्या. तिनं घाईनं उठायला पाय खाली घेतले, "थांबा, पडाल, आले मी."

"ना… नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी बगलेत धरली आणि डाव्या हातानं तिला तिथंच थांबवलं. मग त्या हातानंच उजव्या बाजूची पायजम्याची कड धरून तो पाय उचलला, उंबऱ्यापलीकडे ठेवला, आणि चौकट सोडली. क्षणभर ते नुसत्याच काठीवर डुलले. तिनं दिवाणाची कड गच्च धरली, पण उठली नाही. ती उठली तर ते थांबतील, एवढं तिला कळलं.

खोली काही मोठी नव्हती. त्यांना ती पार करायला फार वेळ लागला. टेबलाशी थांबले, खुर्चीच्या पाठीशी थांबले, भिंतीवरच्या खुंटीला धरून श्वास घेतला. दिवाणाशी आले आणि वजन टाकून दिल्यासारखे तिच्या शेजारी बसले. दिवाण करकरला. त्यांना धाप लागली होती. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, तिचे केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं बघत होते. शब्द घशाशी येऊन अडकत होता, ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते आणि ती वाट बघत होती.

"द…" ते म्हणाले. "दमलीस."

तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. "हो," ती म्हणाली. "फार दमले हो."

मास्तरांनी मान हलवली. मग हातानं दिवाण थोपटला, की पड. ती पडली. दिवाण अरुंद होता, दोघांना पुरण्यासारखा नव्हताच. मास्तर जरा सरकले, तीही जरा सरकली, आणि त्या सकाळी दोघांपैकी कोणीच खिडकीकडे गेलं नाही.